अमेरिकेतल्या हायस्कुलात गणिताचा कोर्स निवडताना : नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

पुण्या-नाशिकहून अमेरिकेत आलेल्या घरातलं मूल आठवी ते अकरावीच्या दरम्यान असेल, तर शाळेत नाव घालताना काउन्सेलर पहिल्याच भेटीत विचारतो, ‘गणितात कुठे बसवायचं?’ आपल्याला हा प्रश्न समजायलाच वेळ लागतो, कारण आपल्याकडे दहावीचं गणित सगळ्या दहावीला सारखंच. इथे एकाच दहावीतली एक मुलगी जॉमेट्री करत असते, दुसरी अल्जिब्रा २, तिसरी प्रीकॅल्क्युलस. गणिताची इयत्ता आणि मुलाची इयत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वर्षी मूल ज्या पायरीवर बसतं, त्यावरून बारावीला ते कुठे पोहोचणार हे बरंचसं ठरून जातं. त्यामुळे बारावीला कॅल्क्युलस एबी घ्यायचा, बीसी घ्यायचा की स्टॅटिस्टिक्स, हा निर्णय बारावीत घेता येत नाही. तो आजच, उलट दिशेने मोजत आणून घ्यावा लागतो. (एबी आणि बीसी हे ‘एपी’ म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट या हायस्कुलातल्या कॉलेज-पातळीच्या कोर्समधले कॅल्क्युलसचे दोन प्रकार.)

पहिली पायरी : शाळेची शिडी कागदावर मागवा

बहुतेक शाळांतला क्रम असा असतो : अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. प्रत्येकाला एक शैक्षणिक वर्ष. नववीला अल्जिब्रा १ पासून सुरुवात केलेलं मूल बारावीला प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोहोचतं, कॅल्क्युलस राहून जातं. ज्यांनी आठवीतच अल्जिब्रा १ केलं ते बारावीला कॅल्क्युलस करतात, आणि सातवीत केलेले त्याच्याही पुढे जातात.

हा क्रम सगळीकडे सारखा नाही. नॉर्थ कॅरोलायनात आणि कॅलिफोर्नियातल्या अनेक डिस्ट्रिक्टमध्ये (शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांत) मॅथ १, मॅथ २, मॅथ ३ असे मिश्र कोर्स असतात; त्यांत बीजगणित, भूमिती आणि संख्याशास्त्र एकत्र विणलेलं असतं. कॅलिफोर्नियातून न्यू जर्सीला किंवा उलट बदली झाली, तर मॅथ २ झालेल्या मुलाला कुठे बसवायचं यावर नेहमी गोंधळ होतो. अशा वेळी कोर्सच्या नावावर जाऊ नका. त्यात कोणते धडे झाले त्याची यादी शाळेपुढे ठेवा.

शाळेच्या संकेतस्थळावर ‘प्रोग्राम ऑफ स्टडीज’ किंवा ‘कोर्स कॅटलॉग’ नावाची फाइल असते. त्यात गणिताच्या पानावर बाणांनी जोडलेला तक्ता सापडतो. तो छापून घ्या आणि तीन गोष्टींवर खूण करा. एक, कोणत्या कोर्सला ‘ऑनर्स’ (जास्त खोलीचं) रूप आहे आणि कोणत्या रूपातून पुढे कुठे जाता येतं. काही शाळांत साध्या प्रीकॅल्क्युलसमधून बीसीला जाता येत नाही. दोन, वरच्या कोर्ससाठी किती ग्रेड लागते आणि आधीच्या शिक्षकाची शिफारस लागते का. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं : त्या शाळेत बीसी थेट प्रीकॅल्क्युलसनंतर येतो की आधी एबी करावा लागतो? दोन्ही पद्धती प्रचलित आहेत आणि त्यावर पुढचा सगळा हिशेब बदलतो.

दुसरी पायरी : आपलं गणित त्यांच्या शिडीवर मांडा

राज्य मंडळाची दहावी झालेलं मूल इथे आलं की घरच्यांना वाटतं, आपलं गणित इथल्यापेक्षा पुढे आहे. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने पुष्कळ मुलं अडचणीत येतात.

राज्य मंडळाच्या दहावीत भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी असते. भाग २ मध्ये समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. शिडीवर मांडलं तर अल्जिब्रा १ आणि जॉमेट्री जवळपास पूर्ण होतात. भूमितीतल्या सिद्धतांत तर आपली मुलं इथल्या बऱ्याच मुलांपेक्षा मुरलेली असतात. पण अल्जिब्रा २ चा मोठा भाग मोकळा राहतो : फलन (फंक्शन) ही कल्पना आणि तिची भाषा, आलेख सरकवणं, ताणणं, उलटवणं, घातांकी आणि लॉगरिदमिक फलनं, बहुपदींचे आलेख, परिमेय फलनं, संमिश्र संख्या. त्रिकोणमिती आपल्या दहावीत लघुकोनांपुरती असते. रेडियन आणि एकक वर्तुळ अजून आलेलं नसतं.

सीबीएसईच्या दहावीचं चित्रही साधारण असंच. दोन्हीकडे अकरावीत फलनं, संमिश्र संख्या, क्रमिका, शंकुच्छेद, मर्यादा (लिमिट) आणि विकलनाची (डिफरन्सिएशन) सुरुवात येते. म्हणजे अकरावी नीट झालेलं मूल प्रीकॅल्क्युलस ओलांडून कॅल्क्युलसच्या दारात उभं असतं. बारावीतलं विकलन आणि संकलन (इंटिग्रेशन) एबीचा बहुतेक भाग व्यापतं. शिवाय भागशः संकलन आणि आंशिक अपूर्णांक हे आपल्या बारावीतले भाग इथे फक्त बीसीत येतात. उलट अनंत मालिकांचं अभिसरण, टेलर मालिका आणि ध्रुवीय निर्देशकांतलं कॅल्क्युलस बीसीत आहे आणि आपल्या बारावीत नाही.

दहावी झालेल्या मुलासाठी काउन्सेलर कधी जॉमेट्री सुचवतो, कधी अल्जिब्रा २. भूमितीची सक्ती बऱ्याच राज्यांत हायस्कूलच्या डिप्लोमासाठी असते. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला गणिताचे १५ क्रेडिट (कोर्स पूर्ण केल्यावर जमा होणारी एककं) लागतात आणि त्यांत अल्जिब्रा १ आणि जॉमेट्री धरावीच लागते. म्हणून नववी-दहावीच्या गुणपत्रिका, शाळेच्या शिक्क्याचं इंग्रजी पत्र आणि दोन्ही भागांच्या पुस्तकांच्या इंग्रजी आवृत्तीची अनुक्रमणिका सोबत आणा. ‘गणित भाग २’ म्हणजे वर्षभर शिकवलेली भूमिती आहे, हे अनुक्रमणिका दाखवल्यावर लगेच पटतं. नुसत्या ‘गणित ९४’ या आकड्यावरून पटत नाही.

वर्ष कुठे मोडतं तेही बघा. आपली नववी मार्च-एप्रिलमध्ये संपते, इथली दहावी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. उन्हाळ्यात आलेल्यांना त्यामुळे मधले तीन-चार महिने मिळतात आणि ते फार मोलाचे असतात. डिसेंबर-जानेवारीत आलात तर वर्ष अर्धं झालेलं असतं. अशा वेळी चालू प्रीकॅल्क्युलस किंवा एपीच्या वर्गात मूल घुसवू नका. एक पायरी खाली बसवा, जूनपर्यंत भाषा, कॅल्क्युलेटर आणि पद्धत अंगवळणी पडू द्या, आणि उन्हाळ्यात वर सरका.

तिसरी पायरी : घरी अर्ध्या तासाची चाचणी घ्या

शाळेची प्लेसमेंट टेस्ट असेल तर ती द्यायचीच. पण त्याआधी घरी स्वतःचा अंदाज घ्या. खालचे आठ प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय, तीस मिनिटांत, मदतीशिवाय सोडवायला द्या. हे प्रश्न कॅल्क्युलसचे नाहीत. कॅल्क्युलसच्या वर्गात ज्या ठिकाणी मुलं अडखळतात, ती ठिकाणं यांत आहेत.

१. २७ चा घात (−२/३) किती?

२. ३ × २ चा घात (क्ष − १) = ४८, तर क्ष किती?

३. फलन फ(क्ष) = क्ष² − ३क्ष असेल, तर फ(२ + ह) − फ(२) ला सोपं रूप द्या.

४. [१/(क्ष + ह) − १/क्ष] भागिले ह, याला सोपं रूप द्या.

५. वर्गमूळ(क्ष − २) भागिले (क्ष − ५), या फलनाचं प्रांत (डोमेन) कोणतं?

६. पाया २ धरून लॉग क्ष + लॉग (क्ष − २) = ३, तर क्ष किती?

७. साइन (५ पाय/६) आणि टॅन (३ पाय/४) यांच्या किमती सांगा.

८. ० पासून २ पायपर्यंत, २ पाय वगळून, साइन २क्ष = कोसाइन क्ष याची सगळी उत्तरं काढा.

उत्तरं अशी : (१) १/९. (२) ५. (३) ह² + ह. (४) −१ भागिले क्ष(क्ष + ह). (५) क्ष २ किंवा त्याहून मोठा, पण ५ नाही. (६) ४; समीकरणातून −२ सुद्धा येतं, पण ऋण संख्येचा लॉग नसल्यामुळे ते टाकायचं. (७) १/२ आणि −१. (८) पाय/६, पाय/२, ५ पाय/६, ३ पाय/२.

गुण मोजण्यापेक्षा चुका कुठे झाल्या ते बघा. आठव्या प्रश्नात ज्यांना दोनच उत्तरं मिळतात, त्यांनी दोन्ही बाजूंना कोसाइन क्षने भागलेलं असतं. जी राशी शून्य असू शकते तिने भागायचं नसतं, ही सवय अजून लागलेली नाही. चौथा प्रश्न अडला तर विकलनाची व्याख्या शिकवताना मूल कल्पनेपाशी पोहोचतच नाही, अपूर्णांकातच बुडतं. सातवा अडणं हे महाराष्ट्रातून दहावी झालेल्यांसाठी स्वाभाविक आहे, कारण तो भाग शिकवलेलाच नसतो. तो एका महिन्यात भरून निघतो. पहिला, तिसरा आणि चौथा अडणं जास्त काळजीचं, कारण ते बीजगणिताचे सांधे आहेत आणि ते बळकट व्हायला वर्षभराचा सराव लागतो.

आमचा ठोकताळा असा : सात किंवा आठ बरोबर असतील तर बीसीचा विचार करा. पाच-सहा असतील आणि चुका त्रिकोणमिती-लॉगमध्येच असतील, तर उन्हाळ्यात त्या भरून एबी. चार किंवा कमी असतील तर अजून वर्षभर प्रीकॅल्क्युलस, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

चौथी पायरी : एबी आणि बीसी यांत नेमका फरक

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि चुकीच्या समजुतीही याच्याचभोवती आहेत. एबी सोपा आणि बीसी अवघड असं म्हणणं पुरेसं नाही. दोन्हींत मर्यादा, विकलन (दोन घटक), विकलनाचे उपयोग (दोन घटक), संकलन, विकलक समीकरणं आणि संकलनाचे उपयोग हे आठ घटक समान आहेत, आणि ते एकाच खोलीने विचारले जातात. बीसीत त्यावर आणखी दोन घटक चढतात : नववा, प्राचलिक समीकरणं, ध्रुवीय निर्देशक आणि सदिश फलनं, दहावा, अनंत क्रमिका आणि मालिका. शिवाय समान घटकांच्या आत काही जादा भाग येतात : भागशः संकलन, आंशिक अपूर्णांक, अनुचित संकलन, ऑयलरची पद्धत, लॉजिस्टिक वाढ, वक्राची लांबी.

म्हणजे फरक मुख्यतः वेगाचा आहे. एबी कॉलेजच्या साधारण एका सेमिस्टरइतका आणि बीसी दोन सेमिस्टरइतका, पण दोन्हींना हायस्कुलात एकच वर्ष मिळतं. जिथे बीसी थेट प्रीकॅल्क्युलसनंतर येतो, तिथे संकलनाची सुरुवात नाताळच्या आसपास व्हावी लागते, नाहीतर मालिकांना वेळ उरत नाही. मालिकांचा घटक शेवटी येतो, सर्वांत अनोळखी असतो आणि मार्च-एप्रिलमध्ये घाईत उरकला जातो. बीसीत गाडी रुळावरून घसरते ती बहुतेक इथेच. आपल्या शाळेतले शिक्षक मालिका कोणत्या महिन्यात सुरू करतात, हे आधीच्या बॅचच्या मुलांना विचारा. त्या एका उत्तरातून पुष्कळ कळतं.

जिथे एबीनंतर बीसी येतो, तिथे चित्र उलटं. पहिले दोन-तीन महिने उजळणीत जातात, हुशार मुलांना कंटाळा येतो, पण पाया पक्का होतो.

बीसीच्या निकालात एबीच्या भागाचे गुण वेगळे दाखवतात. बीसीत ३ आले तरी एबीच्या भागात ४ किंवा ५ असू शकतात, आणि काही विद्यापीठं ते धरतात. त्यामुळे बीसी जमला नाही तर सगळं वाया, ही भीती फारशी खरी नाही. एकाच वर्षी एबी आणि बीसी दोन्ही परीक्षा मात्र देता येत नाहीत.

परीक्षेचं स्वरूप दोन्हींचं सारखं. २०२५ च्या मे महिन्यापासून परीक्षा कॉलेज बोर्डाच्या (एपी चालवणाऱ्या संस्थेच्या) ब्लूबुक ॲपवर होते. बहुपर्यायी उत्तरं पडद्यावर आणि दीर्घ उत्तरं कागदी पुस्तिकेत. वेळ सव्वातीन तास. आधी ४५ बहुपर्यायी प्रश्न १०५ मिनिटांत : ३० कॅल्क्युलेटरशिवाय, १५ कॅल्क्युलेटरसह. मग सहा दीर्घ प्रश्न ९० मिनिटांत : दोन कॅल्क्युलेटरसह, चार शिवाय. दोन्ही भागांना निम्मं-निम्मं वजन.

इथे आपल्या मुलांचे गुण तीन ठिकाणी जातात. पहिलं, आलेख काढणारा कॅल्क्युलेटर. भारतात तो वापरायची सवय नसते. इथे आलेखावरून मूळ काढणं, एका बिंदूवरचं विकलन आणि दोन मर्यादांमधलं संकलन यंत्रावर काढता यायलाच हवं. ब्लूबुकमध्ये डेस्मॉस हा असा कॅल्क्युलेटर आहेच, पण सराव आधी हवा. दशांश उत्तर तीन स्थळांपर्यंत अचूक लागतं, आणि मधल्या पायरीत आकडा पूर्णांकाला आणला तर शेवटचं उत्तर चुकतं. दुसरं, कारण लिहिणं. ‘येथे लघुतम किंमत आहे’ एवढं लिहून गुण मिळत नाहीत. ‘पहिलं विकलन येथे ऋणाकडून धनाकडे जातं म्हणून’ हे शब्दांत लिहावं लागतं. गणित सोडवून उत्तराला चौकट केली की काम झालं, या सवयीला इथे किंमत मोजावी लागते. तिसरं, शब्दांत मांडलेली उदाहरणं : टाकीत शिरणारं पाणी, तक्त्यात दिलेला वेग. यांत एककं लिहिली नाहीत तर गुण जातात.

पाचवी पायरी : पुढे काय शिकायचं आहे, त्यावरून निवड

अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, गणित, बहुतेक ठिकाणचं संगणकशास्त्र : शाळेत असेल आणि पाया असेल तर बीसी. पाया डळमळीत असेल तर एबी घेऊन त्यात खणखणीत ए आणा. पुढे कॉलेजात कॅल्क्युलस पुन्हा घ्यावाच लागला, तरी ते चालतं.

जीवशास्त्र, वैद्यकीय पूर्वतयारी, औषधनिर्माण : एबी पुरतो, आणि त्यासोबत किंवा त्याआधी स्टॅटिस्टिक्स फार उपयोगी पडतं.

अर्थशास्त्र आणि व्यवसाय व्यवस्थापन : इथे पालक स्टॅटिस्टिक्सलाच पुरेसं समजतात. चांगल्या बिझनेस स्कुलांत पहिल्याच वर्षी कॅल्क्युलस असतं, आणि प्रवेश देणारे ते हायस्कुलात शोधतात. एबी घ्या, जागा असेल तर स्टॅटिस्टिक्सही.

मानसशास्त्र, समाजशास्त्र, पत्रकारिता, कायदा, कला : एपी स्टॅटिस्टिक्स ही मनापासून चांगली निवड आहे. त्याला अल्जिब्रा २ पुरतं, कॅल्क्युलस लागत नाही. पण त्यात वाचन-लेखन भरपूर असतं. इंग्रजी परिच्छेद वाचून निष्कर्ष नेमक्या शब्दांत मांडावा लागतो. नव्याने आलेल्या आणि इंग्रजी अजून बसलेलं नसलेल्या मुलाला कॅल्क्युलसपेक्षा स्टॅटिस्टिक्स जड जाऊ शकतं.

एपी प्रीकॅल्क्युलस २०२३ साली सुरू झाला आणि त्याची पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. चार घटकांपैकी पहिले तीनच परीक्षेत येतात. सदिश आणि सारणी (मॅट्रिक्स) यांचा चौथा घटक शाळेने ठरवलं तर शिकवतात. आपल्या शाळेत साधा, ऑनर्स आणि एपी असे तिन्ही प्रकार असतील आणि पुढे बीसी गाठायचा असेल, तर एपी हा शिक्का बघू नका. कोणत्या वर्गातली मुलं पुढे बीसीत टिकतात ते विचारा. काही शाळांत ऑनर्सचा वर्ग एपीपेक्षा जास्त कसलेला असतो.

डेटा सायन्सचे कोर्स अनेक शाळांत आले आहेत आणि नाव आकर्षक आहे. पण अल्जिब्रा २ च्या जागी ते घेऊ नका. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये, असा कोर्स अल्जिब्रा २ च्या बदली धरण्याची सवलत मागे घेतली. अल्जिब्रा २ झाल्यावर जोडीला घेतला तर हरकत नाही.

शाळा इंटरनॅशनल बॅकलॉरिएटची असेल तर ॲनॅलिसिस अँड अप्रोचेस आणि ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन असे दोन मार्ग आहेत, दोन्हींत स्टँडर्ड लेव्हल १५० तासांची आणि हायर लेव्हल २४० तासांची. अभियांत्रिकीला ॲनॅलिसिसची हायर लेव्हल.

सहावी पायरी : कम्युनिटी कॉलेजचा रस्ता

शाळेत बीसी नाही, किंवा मूल अकरावीतच बीसी संपवून बसलं आहे, अशा वेळी ड्युअल एनरोलमेंट कामाला येतं : कम्युनिटी कॉलेजात प्रत्यक्ष कॅल्क्युलस २, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा घ्यायचं. खर्च कमी, काही राज्यांत हायस्कुलच्या मुलांना शुल्क माफ.

पण दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. इथे मिळालेली ग्रेड कॉलेजच्या कायमच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणनोंदीवर) चढते. एपीच्या परीक्षेत २ आले तर ते कुठे पाठवायचे नाहीत, एवढंच; कॉलेजातला डी मात्र वैद्यकीय शाखेचा अर्ज करतानासुद्धा दाखवावा लागतो. दुसरं, राज्याच्या विद्यापीठांत हे क्रेडिट सहसा चालतं, खासगी विद्यापीठं बऱ्याचदा धरत नाहीत. सेमिस्टर पंधरा-सोळा आठवड्यांचं असतं आणि वर्षभराचा एपीचा वेग इथे निम्म्या वेळात येतो, तेव्हा पहिल्यांदा जाताना एकच कोर्स घ्यावा.

सातवी पायरी : क्रेडिटचा हिशेब

एपीचे गुण १ ते ५. कोणत्या गुणाला काय द्यायचं हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. एमआयटी बीसीतल्या ५ गुणांवर पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते, एबीवर देत नाही. अनेक राज्य विद्यापीठं एबीतल्या ४ गुणांवरही देतात. कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव घालून क्रेडिटचं धोरण शोधता येतं. तिथून सुरुवात करा आणि मग विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर ताडून पाहा.

कॅल्टेककडे प्रवेशासाठी कॅल्क्युलसची अट आहे. ज्यांच्या शाळेत तो कोर्सच नाही, अशांसाठी त्यांनी २०२३ मध्ये खान अकॅडमीच्या मार्गाने पात्रता दाखवायची सोय केली. अशा संस्थांकडे अर्ज करायचा असेल आणि शाळा लहान असेल, तर हा पर्याय दहावीतच माहीत असलेला बरा.

बारावीत दिलेल्या एपीचा निकाल जुलैत लागतो, आणि अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत गेलेले असतात. म्हणून बारावीच्या परीक्षेचे गुण प्रवेशाला उपयोगी पडत नाहीत. प्रवेशावर परिणाम होतो तो कोर्सच्या नावाचा आणि पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेडचा.

आठवी पायरी : वर्ष कमी पडत असेल तर उन्हाळा

नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. मुलीने महाराष्ट्रात दहावी केली, जूनमध्ये इथे आली, सप्टेंबरात अकरावीत बसणार, पुढे अभियांत्रिकी करायची आहे. शाळा म्हणते, अकरावीला अल्जिब्रा २, बारावीला प्रीकॅल्क्युलस. म्हणजे कॅल्क्युलस राहिलं.

तीन मार्ग आहेत. पहिला, अल्जिब्रा २ आणि प्रीकॅल्क्युलस एकाच वर्षी घ्यायचं. याची आम्ही शिफारस करत नाही, कारण दुसरं पहिल्यावर उभं आहे. अल्जिब्रा २ आणि जॉमेट्री एकत्र चालतात, हे दोन नाहीत. दुसरा, अल्जिब्रा २ उन्हाळ्यात मान्यताप्राप्त ऑनलाइन किंवा कम्युनिटी कॉलेजच्या कोर्समधून पूर्ण करायचं. यासाठी कोर्स सुरू होण्यापूर्वी शाळेची लेखी परवानगी घ्या. पैसे भरून झाल्यावर शाळा ‘धरत नाही’ म्हणाली तर काही करता येत नाही. तिसरा, घरी अभ्यास करून शाळेची अल्जिब्रा २ ची परीक्षा देऊन पुढे जायचं. सगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये ही सोय नसते, असेल तर दहावीतल्या आपल्या तयारीमुळे ती चांगली साधते.

आठ आठवड्यांचं वेळापत्रक, रोज तास-दीड तास, आठवड्याला पाच दिवस : पहिले दोन आठवडे फलनं आणि आलेखांचं रूपांतर. पुढचे दोन घातांक आणि लॉगरिदम. मग एक आठवडा बहुपदी आणि संमिश्र संख्या, एक परिमेय आणि वर्गमूळ असलेली समीकरणं. सातवा एकक वर्तुळ आणि रेडियन. आठवा मागचं सगळं कॅल्क्युलेटरशिवाय पुन्हा. खान अकॅडमीवर हे सगळं मोफत आहे. दर शुक्रवारी तीस मिनिटांचा कागदी पेपर घ्या. पडद्यावर पर्याय निवडणं आणि कोऱ्या कागदावर पायऱ्या लिहिणं यांत फार अंतर असतं.

पुढे भारतात परतायचा आणि जेईईचा विचार घरात असेल, तर एपीवर विसंबू नका. सारणी, त्रिमितीय भूमिती, क्रमपर्याय आणि संयोग, शंकुच्छेद, संमिश्र संख्या यांतलं बरंच काही कॅल्क्युलसच्या कोर्समध्ये येत नाही. त्याची तयारी वेगळी करावी लागते.

नववी पायरी : अर्ज, तारखा आणि मागे येण्याची वाट

पुढच्या वर्षाचे कोर्स बहुतेक शाळांत जानेवारी ते मार्चमध्ये निवडले जातात. शिक्षकाने खालच्या कोर्सची शिफारस केली तर पालकांच्या सहीने वरचा कोर्स घेता येतो. याला बऱ्याच ठिकाणी ‘वेव्हर’ म्हणतात. तो भरण्यापूर्वी त्याच शिक्षकाला भेटून नेमकं कुठे कमी पडतंय ते विचारा. नुसतं ‘मुलगी हुशार आहे’ म्हणून सही करू नका. वेव्हरवर गेलेल्या मुलांना परत खाली यायला काही शाळा परवानगी देत नाहीत. ही अट त्या फॉर्मवरच छापलेली असते.

एपी परीक्षेची नोंदणी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होते, शुल्क अमेरिकेत सुमारे १०० डॉलर. उशिरा नाव घातलं किंवा नंतर रद्द केलं, तर जादा शुल्क पडतं. घरचं उत्पन्न कमी असेल तर सवलतीबद्दल काउन्सेलरला विचारा.

आणि सप्टेंबर. पहिल्या तीन आठवड्यांत घरी बघा : गणिताच्या होमवर्कला रोज चाळीस मिनिटं ते तास लागत असेल, तर कोर्स बरोबर बसला आहे. दोन तास लागत असतील आणि तरीही पहिल्या चाचणीत ७० च्या खाली असेल, तर चुका तपासा. त्या कॅल्क्युलसच्या नव्या कल्पनांत असतील तर थांबा, त्या जमतील; शिक्षकांच्या ऑफिस अवर्सना पाठवा. चुका अपूर्णांक, घातांक, चिन्हं यांत असतील, तर बीसीतून एबीत किंवा एबीतून प्रीकॅल्क्युलसमध्ये येण्याचा फॉर्म त्याच आठवड्यात भरा. कोर्स बदलण्याची खिडकी शाळेप्रमाणे दोन ते सहा आठवडे उघडी असते. तिच्या आत बदल केला तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच उमटत नाही, नंतर केला तर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉन, म्हणजे कोर्स सोडला) उमटतो. बारावीच्या मुलाने कोर्स बदलला आणि एखाद्या विद्यापीठाकडे अर्ज आधीच गेला असेल, तर काउन्सेलरकरवी त्या विद्यापीठाला दोन ओळींचं पत्र त्याच दिवशी पाठवायला हवं, कारण अर्जात लिहिलेले बारावीचे कोर्स आणि शेवटच्या ट्रान्सक्रिप्टवरचे कोर्स ते ताडून पाहतात.